खांदा आखडला आहे की कंडरा फाटली आहे? आणि आता कोपरही

संथवाहिनी (प्रश्न)

नमस्कार. गेले चार महिने माझा उजवा खांदा दुखतो आहे. दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळी निदाने सांगितल्यामुळे मी गोंधळून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. माझे वय ५१ आहे. आठ वर्षांपासून मधुमेह असून त्यासाठी गोळ्या चालू आहेत. कुठे पडल्याचे, जड ओझे उचलल्याचे किंवा हाताला हिसका बसल्याचे मला आठवत नाही. सुरुवातीला उंच फळीवरची वस्तू काढताना दंडाच्या बाहेरच्या बाजूला कळ यायची. दीड महिन्यात तीच कळ रात्री झोपेतून उठवू लागली, आणि आता केस विंचरणे, हात पाठीमागे नेणे, बाहीत हात घालणे ही कामे डाव्या हाताच्या आधाराशिवाय होत नाहीत. कोणाचा नकळत हाताला धक्का लागला, तर काही क्षण जीव कासावीस होतो.

एमआरआय काढला. सुप्रास्पायनेटस या स्नायूची कंडरा, म्हणजे टेंडन, अंशतः फाटली आहे आणि तिच्यावरच्या बर्सा नावाच्या पिशवीत थोडे पाणी आहे, असे अहवालात लिहिले आहे. पहिल्या डॉक्टरांनी तो अहवाल वाचून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून कंडरा शिवून घेण्यास सुचवले. दुसऱ्या डॉक्टरांनी अहवालापेक्षा माझा हातच अधिक वेळ तपासला आणि हा फ्रोजन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा आहे, शस्त्रक्रियेची घाई करू नका, असे सांगितले. मधल्या काळात मी एका ठिकाणी व्यायामासाठी जात होते. तिथे हात जोर लावून वर ओढला जाई आणि त्यानंतरच्या दोन रात्री मला झोप लागत नसे, म्हणून मी जाणे थांबवले.

भरीस भर म्हणजे, सगळी कामे डाव्या हातावर आल्यापासून डाव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी दुखू लागले आहे. भरलेले भांडे उचलताना किंवा ओला कपडा पिळताना तिथे सुई टोचल्यासारखे होते. माझे निदान नेमके कोणते असावे, व्यायाम दुखणे सोसून करावा की दुखणे थांबेपर्यंत थांबावे, आणि कोपराला आत्ताच काही करावे का, यांबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सांधेसोबती (प्रतिसाद)

संथवाहिनी ताई, मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष न तपासता निदान करणे योग्य नाही, पण तुमच्या दोन डॉक्टरांपैकी कोणाचे म्हणणे तुमच्या खांद्याला लागू पडते हे ओळखायला मदत करणारी एक साधी चाचणी घरी करता येते, आणि ती एमआरआयच्या अहवालाइतकीच महत्त्वाची आहे.

आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही कोपरे काटकोनात वाकवून बरगड्यांना टेकवा, आणि कोपरे तिथून न हलवता दोन्ही पंजे दरवाजाच्या झडपांसारखे बाहेरच्या दिशेला उघडा. डावा हात किती उघडतो आणि उजवा कुठे अडतो ते पाहा. त्यानंतर उजवा हात पूर्ण सैल सोडा आणि घरातल्या कोणाला तरी तो पंजा अगदी हळू बाहेर न्यायला सांगा; जोर मुळीच लावायचा नाही. दुसऱ्याने नेल्यावर हात पुरेसा उघडत असेल आणि तुम्हाला स्वतःला मात्र तो नेता येत नसेल, तर दोष कंडरेत, स्नायूत किंवा मज्जातंतूत असण्याची शक्यता वाढते. दुसऱ्याने नेला तरी हात त्याच जागी, जणू आतून दोरी बांधल्यासारखा अडत असेल, तर सांधाच आखडला आहे. सांध्याची झीज झाल्यावरही हात असाच अडतो, त्यामुळे साधा एक्स-रे अवश्य काढावा. फ्रोजन शोल्डरमध्ये तो बहुतेक वेळा निर्दोष येतो.

ही चाचणी का उपयोगी पडते ते सांगतो. खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा पात्यावरच्या लहान, उथळ खोबणीवर टेकलेला असतो. या सांध्याला जी हालचालीची मोकळीक आहे, ती त्याच्याभोवतीचे आवरण सैल असल्यामुळे आहे. हात खाली असताना काखेकडच्या भागात त्या आवरणाची चक्क घडी पडलेली असते. फ्रोजन शोल्डरमध्ये या आवरणाला आधी दाह होतो, मग ते जाड होते आणि आकसते. पुढच्या-वरच्या भागात ते सर्वांत आधी आकसत असल्यामुळे हात बाहेर फिरवण्याची हालचाल ठळकपणे कमी होते. कंडरा अंशतः फाटल्याने हात दुखतो आणि अशक्त होतो, पण दुसऱ्याने हलवल्यावरही तो सर्व दिशांनी अडून राहणे हे त्या दुखण्याचे लक्षण नव्हे.

आता तुमच्या अहवालाबद्दल. खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या माथ्याला एखाद्या पट्टीसारख्या वेढून असतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वय वाढते तशी ही पट्टी विरत जाते आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ताही लागत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांपैकी ३४ टक्के लोकांच्या कफमध्ये फाट आढळली, आणि साठीच्या पुढच्या लोकांत हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे तुमच्या खांद्यात अंशतः फाट आहे हे खरे असू शकते आणि तुमचे दुखणे तिच्यामुळे नाही हेही त्याच वेळी खरे असू शकते. दुसऱ्या डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवून हात तपासला ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

व्यायामाबाबत मी आग्रहाने लिहितो, कारण इथेच रुग्णाचे सर्वांत जास्त हाल होतात. या आजाराच्या ढोबळमानाने तीन अवस्था मानतात. पहिलीत दुखणे वाढत जाते आणि हालचाल कमी होत जाते, दुसरीत दुखणे ओसरते पण सांधा घट्ट राहतो, तिसरीत तो हळूहळू सुटतो. हा सगळा प्रवास एक ते तीन वर्षांचा असू शकतो, आणि काहींच्या खांद्यात थोडा घट्टपणा कायम राहतो. रात्रीचे दुखणे पाहता तुम्ही अजून पहिल्या अवस्थेत असाव्यात, आणि या अवस्थेत हात ओढून ताणणे म्हणजे सुजलेल्या आवरणाला रोज नव्याने डिवचणे आहे. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला दुखण्याच्या मर्यादेत राहून हलका व्यायाम दिला, तर दुसऱ्या गटाकडून दुखेपर्यंत आणि त्यापलीकडेही ताण देणारा व्यायाम करून घेतला. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८९ टक्के रुग्णांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला होता, दुसऱ्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होते.

म्हणून सध्या एवढेच करा. चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाका, दुखरा हात लोलकासारखा सैल लोंबू द्या आणि शरीराच्या हेलकाव्याने त्याला लहान वर्तुळे काढू द्या. पाठीवर झोपून डाव्या हाताने उजवे मनगट धरून तो हात वर न्या, जिथे ताण जाणवेल तिथे थांबा आणि परत आणा. एकदाच खूप वेळ करण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे करणे चांगले. मी रुग्णांना एकच मोजमाप देतो: व्यायामानंतर दुखणे थोडे वाढले तरी चालेल, पण ते काही तासांत पूर्वपदावर आले पाहिजे आणि रात्रीची झोप मोडता कामा नये. झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी मात्रा निम्मी करावी. हात पूर्णपणे झोळीत बांधून ठेवणे मात्र टाळा. त्याने खांदा आणखी घट्ट होतो.

रंधा (प्रतिसाद)

खांद्याबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, मी कोपराबद्दल लिहितो. तुमचे वर्णन टेनिस एल्बोचे वाटते आणि मी त्यातून गेलो आहे. नाव टेनिसचे असले तरी हे दुखणे होणारे बहुतेक लोक टेनिस खेळत नाहीत. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन वैद्यांनी या जागेच्या दुखण्याबद्दल लिहिले ते लेखनाने हात आखडणाऱ्यांच्या संदर्भात होते, टेनिसचे नाव त्याला सुमारे दहा वर्षांनी चिकटले. मला ते लाकूडकामाने झाले. मनगट मागे उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी कंडरेने जोडलेले असतात, आणि मूठ आवळताना मनगट स्थिर ठेवण्याचे काम त्यांच्याकडेच असते. म्हणून दुखते कोपरात, पण ते दुखावते मुठीच्या कामाने. तुमच्या डाव्या हातावर एकाएकी दोन्ही हातांचे काम आले आहे आणि त्या कंडरेला तेवढ्या भाराची सवय नाही, इतका साधा हिशेब असावा.

माझी चूक तुमच्याकडून होऊ नये एवढ्यासाठी ती सांगतो. मी पहिल्याच महिन्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले. चार दिवसांत दुखणे नाहीसे झाले आणि मी पूर्वीसारखा तासन्‌तास रंधा मारू लागलो. दोन महिन्यांनी दुखणे परतले ते आधीपेक्षा जोरात. दुसरे इंजेक्शन घेतले, मग तिसरे. तिसऱ्यानंतर तिथली कातडी पांढरट झाली, खालची चरबी विरघळून खळगा पडला आणि कोपर दुखायचे ते दुखतच राहिले. नंतर वाचनात आले की, ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके हेच दिसले होते. वर्षभरानंतर स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के लोक बरे होते, तर औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के; आणि दुखणे उलटण्याचे प्रमाण पहिल्या गटात ५४ टक्के, दुसऱ्यात १२ टक्के होते. हे आकडे कोणी मला आधी दाखवले असते तर मी ते इंजेक्शन घेतले नसते.

मला गुण आला तो कंडरेला हळूहळू भार देण्याच्या व्यायामाने. सुरुवातीचे दोन आठवडे मनगट किंचित मागे धरून, दुसऱ्या हाताने त्याला विरोध करत, हालचाल न होऊ देता तीस ते चाळीस सेकंद रोखून ठेवायचे. मग हात टेबलावर ठेवून पंजा कडेबाहेर काढायचा, तळवा जमिनीकडे, हातात अर्धा किलोचे वजन. वर उचलताना दुसऱ्या हाताची मदत घ्यायची आणि खाली सोडताना मनात चारपर्यंत आकडे मोजत एकट्या दुखऱ्या हाताने सोडायचे. वजन दोन-तीन आठवड्यांनी थोडे वाढवायचे. दहामध्ये तीनपर्यंत दुखले तर मी चालू ठेवत असे, पाचावर गेले की थांबत असे. पूर्ण बरे वाटायला नऊ महिने लागले.

रोजच्या कामात एक बदल फार उपयोगी पडला. वस्तू उचलताना तळवा खाली ठेवून न उचलता तळवा वर करून, कोपर शरीराजवळ ठेवून उचला. पट्टा बांधणार असाल तर तो दुखऱ्या हाडावर बांधू नका, त्याच्या दोन-तीन बोटे खाली, जिथे मूठ आवळल्यावर स्नायू फुगतो तिथे बांधा, आणि फक्त कामाच्या वेळी.

संथवाहिनी (प्रश्नकर्तीचा प्रतिसाद)

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. सांधेसोबती यांनी सांगितलेली चाचणी काल केली. डावा पंजा सहज बाहेर उघडला. उजवा सरळ समोरून जेमतेम दोन-तीन बोटे सरकला आणि अडला. यजमानांनी अगदी हलक्या हाताने नेऊन पाहिला तरी तिथेच थांबला. एक्स-रे मी आधीच काढला होता, त्यात झीज नाही. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचे निदान बरोबर असावे असे आता वाटते. त्यांनीही खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले होते, आणि रंधा यांचा अनुभव वाचून मी आता घाबरले आहे. मधुमेहात ते चालते का? दुसरे असे की, पंधरा दिवसांपासून पहाटे उजव्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात मुंग्या येतात. हात झटकला की जातात. हे खांद्यामुळेच आहे का?

दंडपाणी (प्रतिसाद)

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. ताई, रंधा यांनी कोपराबद्दल लिहिलेले योग्य आहे, पण त्यावरून खांद्याचा निष्कर्ष काढू नका. टेनिस एल्बोत मुख्य बिघाड कंडरेच्या धाग्यांच्या विरण्याचा असतो आणि स्टेरॉइडने ते धागे भरून येत नाहीत. फ्रोजन शोल्डरच्या पहिल्या अवस्थेत सांध्याच्या आवरणाला दाह झालेला असतो आणि स्टेरॉइड दाहच कमी करते. म्हणून दुखण्याच्या काळात सांध्यात दिलेले एक इंजेक्शन काही आठवडे ते सुमारे तीन महिने दुखणे बरेच हलके करते, आणि त्या उसंतीत व्यायाम करता येतो. सांधा नुसता घट्ट राहून दुखणे थांबले की त्याचा फायदा कमी होतो, त्यामुळे घ्यायचे असेल तर लवकर घेणे बरे.

मधुमेह असल्याने ते वर्ज्य ठरत नाही, मात्र इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते. त्या आठवड्यात घरी रोज साखर तपासा, आणि आधी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना कल्पना द्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी अलीकडे केली नसेल तर ती करा. ती बरीच वाढलेली असेल तर आधी साखर आटोक्यात आणणे मला योग्य वाटते. मधुमेहींमध्ये फ्रोजन शोल्डर अधिक प्रमाणात होतो, अधिक काळ रेंगाळतो आणि पुढे दुसऱ्या खांद्यातही होऊ शकतो. थायरॉइडच्या विकाराशीही त्याचा संबंध आहे, तेव्हा त्याच वेळी थायरॉइडही तपासून घ्या.

शस्त्रक्रियेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आखडलेल्या खांद्यात अंशतः फाटलेली कंडरा शिवली तर त्यानंतर हात काही आठवडे स्थिर ठेवावा लागतो आणि खांदा आणखी आखडण्याचा धोका असतो. तुमच्या वर्णनात अशी घाई करण्याजोगे मला काही दिसत नाही. सांधा मोकळा झाल्यावर ताकद कमी वाटली, तर त्या कंडरेचा विचार तेव्हा करता येईल. सहा-आठ महिन्यांच्या उपचारानंतरही सांधा घट्टच राहिला, तर भूल देऊन हात फिरवून आवरण सैल करणे किंवा दुर्बिणीतून ते आवरण कापून मोकळे करणे हे पर्याय असतात. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे दोन्ही मार्ग आणि इंजेक्शनसह नियोजनबद्ध भौतिकोपचार यांची तुलना केली गेली. वर्षभरात तिन्ही गटांतील रुग्ण चांगले सुधारले आणि कोणताही एक उपचार ठळकपणे सरस ठरला नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केलेल्या गटात गंभीर गुंतागुंती मात्र अधिक झाल्या. म्हणून मी सर्वांत कमी चिरफाडीचा मार्ग आधी सुचवतो.

हे वाचून कोणी प्रत्येक खांद्याला थांबा असा सल्ला देऊ नये, म्हणून थोडे विषयाच्या कडेला जातो. पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर हात अचानक उचलता येईनासा झाला, तर कंडरा पूर्ण तुटलेली असू शकते आणि तिथे काही आठवड्यांच्या आत निर्णय घ्यावा लागतो, कारण उशीर झाला की कंडरा आत ओढली जाते. जड वस्तू उचलताना कोपराच्या पुढच्या बाजूला फट्‌कन आवाज होऊन दंडाचा स्नायू वर गोळा झाला, तरी तसेच. खांदा किंवा कोपर लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावे. तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो. आणि डाव्या खांद्यातले दुखणे हात हलवल्याने वाढत नसेल, पण चालताना किंवा जिना चढताना येत असेल, किंवा त्यासोबत घाम, धाप अथवा छातीत दडपण असेल, तर तो खांदा नसून हृदय आहे असे समजून ताबडतोब रुग्णालय गाठावे. मधुमेहींमध्ये हृदयाची लक्षणे पुसट असू शकतात, म्हणून तुम्हालाही हे सांगणे आवश्यक वाटते.

करंगळीच्या मुंग्यांचे मूळ बहुधा कोपरात आहे. आतल्या बाजूच्या हाडामागून, त्वचेच्या अगदी खालून, अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. तिथे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात तो हाच. दुखरा खांदा सांभाळण्यासाठी तुम्ही झोपेत उजवे कोपर घट्ट दुमडून हात छातीशी धरत असाल, आणि तासन्‌तास कोपर दुमडले की तो मज्जातंतू ताणलाही जातो आणि दाबलाही जातो. रात्री कोपराभोवती एक टॉवेल सैलसर गुंडाळून चिकटपट्टीने बांधा, म्हणजे कोपर काटकोनापलीकडे दुमडणार नाही. दिवसा खुर्चीच्या हातावर किंवा टेबलावर कोपर टेकवू नका. महिनाभरात फरक पडला नाही, मुंग्या दिवसाही येऊ लागल्या, किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल गेल्यासारखा वाटला, तर मज्जातंतूची वहनचाचणी करून घ्यावी. मानेतल्या नसेवर दाब असतानाही याच बोटांत मुंग्या येतात, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मानही पाहायला सांगा.

झोपताना डाव्या कुशीवर झोपा, छातीसमोर एक जाड उशी ठेवा आणि उजवा हात कोपरापासून पंजापर्यंत तिच्यावर अर्धवट वाकलेल्या स्थितीत टेकवा. पाठीवर झोपायचे असेल तर उजव्या दंडाखाली पातळ उशी किंवा घडी केलेली चादर घाला, म्हणजे कोपर खाटेकडे मागे झुकणार नाही. तेवढ्याने खांद्याच्या पुढच्या भागावरचा ताण कमी होतो आणि कोपरही दुमडून राहत नाही. टॉवेल आजच बांधून पाहा आणि आठवड्याने मुंग्यांचे काय झाले ते इथे कळवा.